‘माग’ की ‘मागोवा’? हृदयातील मूलपेशींसंबंधी एक विचारणा

गुहागर : हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूलपेशी (स्टेम सेल) काढून हृदयात सोडल्यास त्या पुढे कोठे जातात आणि जगतात का, हे पाहण्याच्या तंत्राला ‘अनुरेखन’ म्हणावे की ‘माग काढणे’? तसेच ‘अ‍ॅडल्ट स्टेम सेल’साठी ‘प्रौढ मूलपेशी’ योग्य आहे का?

दापोली : ‘प्रौढ’ दिशाभूल करते, कारण अशा पेशी नवजात बाळाच्या शरीरातही असतात, भ्रूणीय पेशींहून वेगळेपण एवढेच त्यातून सांगायचे असते. ‘कायिक मूलपेशी’ अधिक नेमके आहे. ‘अनुरेखन’ ऐकून मला तरी नकाशावर ठेवलेला पारदर्शक कागद आठवतो.

‘माग’ मात्र चपखल आहे, आणि तोही एका अडचणीसकट. रानडुक्कर भातखाचरातून गेल्यावर चिखलात उरतो तो माग. जनावर तेथे असतेच असे नाही. पेशींत लोहाचे अतिसूक्ष्म कण भरले की एमआरआयवर त्या जागी काळा डाग दिसतो. परंतु पेशी मेल्यावर ते कण भक्षकपेशी गिळतात आणि डाग तसाच दिसत राहतो.

सावंतवाडी : सहमत आहे, पण किरणोत्सारी खुणांसाठी मी ‘ठावठिकाणा’ सुचवेन. फ्लोरीन-१८चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे, तर इंडियम-१११चा सुमारे २.८ दिवस असल्याने पेशी आरंभी कोठे पोहोचल्या एवढेच त्यांतून कळते. हॅनोव्हरमधील संशोधकांनी २००५ साली फ्लोरीन-१८ वापरून दाखवले की, निवड न करता हृदयधमनीतून सरसकट सोडलेल्या अस्थिमज्जापेशींपैकी जेमतेम १.३ ते २.६ टक्के पेशी हृदयात सापडल्या. पुष्कळशा यकृतात आणि प्लीहेत गेल्या होत्या.

‘मागोवा’ हा शब्द सूचक जनुकांसाठी (‘रिपोर्टर जीन’) राखावा. (‘वार्ताहर जनुक’ कृपया नको.) काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराचे जनुक पेशीत घातले, तर योग्य द्रव्य दिल्यावर जिवंत पेशीच प्रकाश देते, आणि जनुक गुणसूत्रात सामावले असेल तर ते तिच्या विभाजनातून झालेल्या पेशींतही उतरते, म्हणून दीर्घकाळ पाठपुरावा करता येतो. माणसाच्या छातीतून हा मंद प्रकाश बाहेर येऊ शकत नसल्याने ही पद्धत उंदरांसारख्या लहान प्राण्यांपुरतीच राहिली आहे.

गुहागर : मग ‘एमआरआयमध्ये पेशी दिसल्या’ हे माझे वाक्य?

दापोली : ‘पेशींना लावलेली खूण दिसली’ असे लिहावे, पेशी जिवंत असल्याचा स्वतंत्र पुरावा असेल, तेव्हाच ‘पेशी दिसल्या’ म्हणावे.