भातखाचरं बुजल्यावर सुगरण 'दुसरीकडे' जाते म्हणजे कुठे?

बांधावरचा
विरार-नालासोपाऱ्याच्या पूर्वेला खाचरांवर भराव पडतोय. विषय निघाला की ठरलेलं उत्तर: पक्षीच ते, उडून जातील. सुगरणीला शिंदी-बाभळीसारखं झाड लागतं, विणायला भाताच्या नाहीतर उंच गवताच्या पात्यांचे धागे, खायला दाणे आणि पिल्लांना किडे. हे सगळं एकाच टापूत. सलीम अलींनी 1930 च्या सुमारास तिचा संसार उलगडला तो मुंबईसमोरच्या, अलिबागजवळच्या किहीमला: नर अर्धं घरटं विणतो, मादीने पसंत केलं तर पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो. असा पक्षी वसाहत करून राहतो. शिंदी राखून भोवतीचं खाचर बुजवलं, तर नुसत्या झाडाचं तो काय करणार?

वाडीवाला वसईकर
आमच्याकडे नारळाच्या झावळ्यांना लटकतात घरटी, शिंदीचं काय घेऊन बसलात? लावणीला माणूस मिळत नाही, म्हणून खाचर पडीक टाकलं. आता गवत माजलंय आणि मुनियांचे थवे उतरतात. भात गेला की पक्षी गेले, हे दादरला बसून ठरवू नका.

बांधावरचा
दादरला नाही, बोरिवलीला. :) पडीक जमीन मुनियांना मानवते, मान्य. पण इथली पडीक म्हणजे बहुतेकदा डंपरची वाट बघणारी.

चष्मेवाली
दोघंही 'पक्षी' म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवताय. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या 2023 च्या अहवालात मोर वाढलेत आणि उघड्या रानातला नीलपंख घटलाय. चिमणी देशभरात साधारण टिकून, पण मुंबईसह 6 महानगरांत कमी होतेय, असं 2020 च्या अहवालात होतं. जमीन बदलली की कुणाचं फावतं, कुणाचं हटतं. कबुतरांना तर भराव म्हणजे पुढची बाल्कनीच.

बांधावरचा
हटतं त्याचीच काळजी. कबुतरांची करायला अख्खी मुंबई आहे.

वाडीवाला वसईकर
मग हेही धरा. खारभूमीचा बांध फुटला आणि वेळेवर कुणी बांधला नाही, की भरतीचं पाणी आत येतं, भात मरतो, काही वर्षांत तिवरं येतात. सुगरण जाते, बगळे आणि तुतवार येतात. यात बिल्डर कुठे आला?