ऑनलाइन क्लासमध्ये मुलं गप्प बसतात, मदत हवी आहे

भूपश्री:
लवकर सांगा, शनिवारी पुन्हा क्लास आहे. झूमवर ११ मुलं, सगळ्यांचे कॅमेरे बंद. "समजलं का?" विचारलं की दोघं-तिघं अंगठा दाखवतात, बस. दोन वर्षं शिकवतेय, पण मुलं आपली वाटतच नाहीत. गेल्या आठवड्यात एकाने क्लास सोडला, कारणही सांगितलं नाही. काय करू?

बीजगणितवाले:
चॅटमध्ये उत्तर लिहायला लावा, पण तुम्ही "आता" म्हणेपर्यंत कुणी पाठवायचं नाही. एकमेकांचं बघून लिहिणं थांबतं. माझ्या नववीच्या वर्गात अगदी गप्प मुलंही लिहायला लागली.

रानजाई:
विषय कोणता? मुलं केवढी?

भूपश्री:
गाणं हो! न्यू जर्सीची मुलं, ९ ते १४ वर्षांची. चॅटमध्ये काय लिहायला लावू?

खर्ज:
गाणं समोर बसूनच येतं. ऑनलाइनचा नाद सोडा.

जर्सीची_आई:
मग आम्ही काय करायचं? इथला क्लास गाडीने दीड तासावर आहे. आणि ताई, तुमचे भारतातले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आमचे सकाळचे नऊ, पण नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की तुमचे साडेसात होतात. ते आधी कळवत जा, आमच्या क्लासला दरवर्षी गोंधळ होतो.

सतारवाला:
झूममध्ये ओरिजिनल साउंड चालू करा, नाहीतर तानपुरा गोंगाट समजून कापला जातो. माइक कुठला वापरता?

रानजाई:
माइक राहू द्या. मुलं गातात तेव्हा म्यूटवर असतात का?

भूपश्री:
हो, सगळीच. आवाज उशिरा पोचतो, एकत्र गायली की नुसता कालवा.

रानजाई:
म्हणजे तासभर त्यांचा आवाज तुमच्या कानावरच पडत नाही! एकेकाला दोन मिनिटं अनम्यूट करा, बाकीच्यांनी म्यूटवर त्याच्यामागून गायचं. शिवाय आठवड्याला एक पलटा (सरावाची छोटी स्वररचना) आईबाबांच्या व्हॉट्सॲपवरून मागवा आणि नाव घेऊन, बोलून उत्तर द्या. माझ्या भाचीला तिच्या बाईंनी "तुझा गंधार थोडा उतरतोय, सा धरून पुन्हा ये" एवढंच पाठवलं होतं. पोरीने ते घरभर ऐकवलं.

खर्ज:
११ जणांचं तपासायला वेळ कुठला?

रानजाई:
मिनिटाचा एक पलटा. ऐकून उत्तर द्यायला अर्धा तास पुरतो.

खर्ज:
तरी समोरची सर नाही. पण ११ जणांचा एकच गट नको, चार-चारचे करा.

भूपश्री:
क्लास सोडलेल्या मुलाचा आवाज मी मार्चपासून ऐकलेला नाही, हे आत्ता लक्षात आलं. त्याच्या आईला आज भूप रागाचा आरोह (चढते स्वर) गाऊन पाठवते आणि त्याचा मागवते.