होडीवर ट्रॅकर: उजनीला कोणता, समुद्रात कोणता?

भीमाकाठ_करमाळा

नमस्कार मंडळी. दोन ठिकाणच्या होड्यांचं एकदमच विचारतोय.

उजनीच्या फुगवट्यावर केत्तूरच्या बाजूला संस्थेच्या 14 फायबरच्या होड्या आहेत, 18 ते 20 फुटी. चारला आऊटबोर्ड (मागं बाहेरून लावायचं इंजिन), बाकी वल्ह्यावर. रात्री जाळी टाकायला गेलेली होडी नक्की कुठं आहे हे काठावर कळावं, एवढीच गरज आहे.

दुसरी मेव्हण्याची हर्णैची, 11 मीटरची यांत्रिकी नौका. दोन-तीन दिवसांची फेरी करते. तिथं ट्रान्सपाँडर, म्हणजे नौकेचा ठावठिकाणा पाठवणारं यंत्र, लावा म्हणून सांगितलंय.

सोलापुरात नव्या पेठेत चौकशी केली तर "एआयएस 140, सरकारमान्य" असं छापलेला डबा दाखवला. ट्रकला चालतो तसा नौकेलाही चालेल म्हणे. मोबाईलचं सिम त्यातच आहे. हाच दोन्हीकडं लावला तर? आणि बसवताना काय सांभाळायचं?

---

खाडीपलीकडे

दादा, तो डबा हर्णैच्या नौकेसाठी घेऊ नका. नावात गफलत आहे. नौकांचं एआयएस म्हणजे ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम. ते व्हीएचएफ रेडिओवर चालतं, 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झवर, आणि आजूबाजूच्या जहाजांना थेट दिसतं. डब्यावरच्या एआयएस 140 मधलं एआयएस म्हणजे ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड. बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांच्या ट्रॅकरचा तो दर्जा. सरकारमान्य आहे हे खरंच, पण रस्त्यासाठी. समुद्रातल्या कुठल्याही जहाजाला तो डबा दिसणार नाही, आणि किनाऱ्यापासून लांब त्यातलं मोबाईलचं सिमही चालणार नाही.

आता सक्ती कोणाला ते. 20 मीटर आणि त्यावरच्या मासेमारी नौकांना खरं एआयएस लागतं, ब वर्गाचं. मेव्हण्यांची 11 मीटरची आहे, म्हणजे ती त्यात बसत नाही. त्यांना सांगितलंय तो इस्रोच्या तंत्रज्ञानावरचा उपग्रह ट्रान्सपाँडर. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरच्या कार्यक्रमात त्याची देशपातळीवरची योजना सुरू झाली. 13 किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या 1 लाख नौका, 364 कोटींची तरतूद, आणि नौकामालकाला यंत्र फुकट. त्यामुळं बाजारातून विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडं नौकेची नोंदणी, चालू परवाना आणि आधार घेऊन जायचं. आधी रिअलक्राफ्ट या नौका नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नौकेची लांबी, इंजिन नंबर आणि मालकाचा मोबाईल बरोबर आहे का ते बघा. नौका विकत घेतलेली असली की जुन्या मालकाचाच नंबर तिथं राहिलेला असतो आणि गाडं तिथंच अडतं.

नोव्हेंबर 2025 मध्ये 12 सागरी मैलांपलीकडच्या मासेमारीचे नवे नियम आलेत. यांत्रिकी आणि मोठ्या मोटर नौकांना त्या पट्ट्यात जायला रिअलक्राफ्टवरूनच प्रवेश पास काढावा लागतो. दोन-तीन दिवसांची फेरी म्हणजे तुम्ही त्या पट्ट्यात जाणारच. ट्रान्सपाँडरची निकड तिथं आहे.

उजनीला यातलं काहीच लागू नाही. हे सगळं समुद्री नौकांचं. तिथं तुमची गरज हाच नियम.

---

तांबडी_काळी_वायर

हर्णैच्या नौकेच्या बसवणीबद्दल लिहितो. यंत्र फुकट मिळतं, बंद पडतं ते वायरीमुळं.

जागा. हे यंत्र जीसॅट-6 या उपग्रहाशी बोलतं. तो 83 अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. हर्णैहून बघितलं तर दक्षिण-आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 66 अंश वर. म्हणजे बऱ्यापैकी डोक्यावर. त्यामुळं बाजूच्या डोंगराची चिंता नको, पण डोक्यावर पत्रा नको. फायबरच्या केबिनखाली कसंबसं चालतं, पत्र्याच्या छपराखाली मेलं म्हणून समजा. नौका फिरत असते, म्हणून "आग्नेयेला तोंड करून" वगैरे बसवू नका, सपाट आणि वर तोंड करून बसवा. केबिनच्या छतावर, डोलकाठीपासून आणि व्हीएचएफच्या अँटेनापासून निदान एक मीटर लांब. छतावर जाळी आणि बोयांचा ढीग टाकायची सवय सगळ्यांनाच असते. ओलं जाळं अंगावर पडलं की सिग्नल गेला. यंत्राभोवती चार बोटं उंचीची पाइपाची चौकट केली तर जाळी त्यावर टेकतात, यंत्रावर नाही.

वायर. इथं कंजुषी नको. बॅटरी ते छत 8 मीटर धरा, म्हणजे जाऊन-येऊन 16 मीटर तांबं. घरातली 0.75 चौरस मिमीची वायर वापरली आणि सिग्नल पाठवताना यंत्रानं 2 अँपिअर ओढले, तर वाटेतच जवळपास 0.8 व्होल्ट पडतात. 2.5 चौरस मिमीमध्ये पाव व्होल्ट पडतो. बॅटरी 12.2 असताना हा फरक चालून जाईल, पण रात्रभर दिवे जाळून ती 11.6 वर आली की यंत्र नेमकं सिग्नल पाठवायच्या क्षणी रिस्टार्ट होतं. मग लोक म्हणतात यंत्रच खराब. मीटर घ्या, बॅटरीच्या टोकावर मोजा आणि यंत्राच्या टोकावर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष वायरीत किंवा थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण) आहे.

कलई केलेली तार मिळाली तर तीच घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं-काळं पडतं, वरचं प्लास्टिक मात्र नव्यासारखं दिसतं. थिंबल दाबून बसवा, वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसतं पिळून काळी टेप गुंडाळलेला सांधा एक पावसाळाही काढत नाही.

फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरावर, 5 अँपिअरचा. यंत्राजवळ फ्यूज लावून उपयोग नाही, मधली आठ मीटर वायर उघडीच राहते. पुरवठा स्टार्टरच्या बॅटरीवरून घेतला तर इंजिन मारताना व्होल्टेज 9 च्या आसपास कोसळतं. दिव्यांची वेगळी बॅटरी असेल तर तिच्यावर जोडा.

मेन स्विचच्या आधी की नंतर, यावर वाद होतात. माझं मत आधी. नाहीतर बंदरात स्विच पाडला की यंत्र बंद, आणि निघताना चालू करायचं राहतं. पण मग हिशोब करा: सरासरी 0.15 अँपिअर धरले तर दिवसाला 3.6 अँपिअर-तास. दहा दिवस नौका उभी राहिली तर 36, म्हणजे 75 च्या बॅटरीची जवळजवळ निम्मी. 20 वॅटचं सोलर पॅनेल आणि छोटा चार्ज कंट्रोलर लावला तर हा खर्च भरून निघतो. 1 जून ते 31 जुलै बंदीत नौका वर ओढल्यावर मात्र खात्याला विचारून यंत्र रीतसर बंद करा. बॅटरी काढून नेली की तिकडं नौका "बेपत्ता" दिसते.

---

नऊशे_एकोणीस_टीएमसी_नाही

वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टी जोडतो, कारण यांचा गोंधळ रोज बघायला मिळतो.

डॅट म्हणजे ट्रान्सपाँडर नव्हे. डॅट हे संकटात दाबायचं यंत्र. आग, नौका बुडणं, माणूस पाण्यात पडणं, वैद्यकीय मदत, असे ठरलेले संदेश त्यातून जातात. दाबल्याशिवाय ते गप्प असतं, म्हणजे माग काढत नाही. नव्या पिढीच्या डॅटला संदेश पोचल्याची पावती उलट येते. मेव्हण्यांकडं जुनं असेल तर ट्रान्सपाँडर आला म्हणून काढून टाकू नये. ट्रान्सपाँडर नौकेच्या बॅटरीवर जगतो. इंजिनखोलीत पाणी शिरलं की आधी तीच बॅटरी जाते. डॅट मात्र स्वतःच्या बॅटरीवर चालतं. त्यावरची मुदतीची तारीख बघा, आणि "चालतंय का बघू" म्हणून संकटाचं बटण कधीही दाबू नका. चाचणीची सोय वेगळी असते.

दुसरं, ऑनलाइन मिळणारे परदेशी सॅटेलाइट मेसेंजर किंवा थुराया, इरिडियमचे फोन. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. कस्टममध्ये सुटला म्हणून कायदेशीर होत नाही. तटरक्षक दलानं नौका तपासली तर नौकाच अडकेल.

तटरक्षक दलाचा फोन 1554, व्हीएचएफचा चॅनेल 16. केबिनमध्ये रंगानं लिहून ठेवा.

---

भीमाकाठ_करमाळा

हर्णैचं कळलं, मेव्हण्याला धागा पाठवलाय. आता उजनीचं सांगा. वल्ह्याच्या होडीत बॅटरीच नाही. आणि मोबाईल नेटवर्कवरचा ट्रॅकर पाण्यावर भरवशाचा आहे का? समुद्रात नाही म्हणता, मग धरणात कसा?

---

खाडीपलीकडे

अंतरामुळं. जुन्या जीएसएमचा टॉवर 35 किलोमीटरच्या पुढच्या फोनशी बोलूच शकत नाही, आणि समुद्रात टॉवर एकाच बाजूला असतात. उजनीचा फुगवटा लांब आहे, पण रुंदीला काही किलोमीटरच. दोन्ही काठांवर गावं आणि टॉवर आहेत. पाणी सपाट, मधे अडथळा नाही. उलट केत्तूरच्या गल्लीपेक्षा पाण्यावर रेंज बरी असते.

मोबाईल ट्रॅकर कमी दर्जाचा असतो असंही नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर केंद्रीय परवान्याच्या लॉब्स्टर बोटींना डिसेंबर 2023 पासून ट्रॅकर सक्तीचा आहे, दर मिनिटाला एक नोंद, आणि तिथं मोबाईलवाले चालतात. रेंज नसताना नोंदी आत साठतात, किनाऱ्याजवळ आलं की पाठवल्या जातात. त्यांना बोट कुठं गेली होती हे हवंय. तुम्हाला बोट आत्ता कुठं आहे हे हवंय. म्हणून तुमच्या पाण्यात रेंज कुठं तुटते ते आधी बघा. दोन कंपन्यांची सिम असलेला फोन घेऊन होडीनं एक चक्कर मारा, जिथं जिथं जाळी टाकता तिथं नोंद करा. मग सिम ठरवा. फक्त टूजीवर चालणारा ट्रॅकर स्वस्त पडतो, पण घेऊ नका, ती सेवा आटत चालली आहे. फोरजीचा घ्या.

---

तांबडी_काळी_वायर

वल्ह्याच्या होडीला आत बॅटरी असलेला, चुंबकानं चिकटणारा ट्रॅकर मिळतो. फायबरला चुंबक चिकटत नाही, त्यामुळं आधीच डब्याचा विचार करा. झाकणाला रबर असलेला आयपी67 (धूळ-पाणी आत न शिरणारा) डबा, पांढरा. काळा नको. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये सावलीत 42-44 असतं. उन्हातला काळा बंद डबा त्याच्या पुष्कळ वर जातो, आणि लिथियमची बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करणं म्हणजे तिचं आयुष्य जाळणं. फुगलेली बॅटरी दिसली तर कारण बहुधा हेच. डबा बसायच्या फळीखाली, सावलीत, होडीच्या तळापासून वीतभर वर, स्टीलच्या नटबोल्टनं. फायबर आडवं येत नाही, जीपीएस त्यातून येतं. पण फळीवर माणूस बसला किंवा माशांचा क्रेट ठेवला की सिग्नल दुबळा होतो, म्हणून टोकाच्या फळीखाली लावा. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. दिवसा तापून रात्री गार झालं की आत दव धरतं.

आऊटबोर्डच्या चार होड्यांना बॅटरी असेल तर वायरवाला ट्रॅकर लावता येईल. नसेल तर यूपीएसची 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची बॅटरी. सरासरी 50 मिलिअँपिअर धरले तर दिवसाला 1.2 जातात. निम्मीच वापरायची म्हटलं तरी तिसऱ्या दिवशी चार्जिंगला आणावी लागेल.

नोंदीचा वेळ किती ठेवायचा ते वेगावर. आऊटबोर्डची होडी ताशी 12 किलोमीटरनं गेली तर मिनिटाला 200 मीटर. पाच मिनिटांची नोंद ठेवली तर शोधायला एक किलोमीटरचा पट्टा राहतो. रात्रीच्या अंधारात तो फार आहे. चालताना एक मिनिट, उभी असताना 15 मिनिटं, असं ठेवा. डेटा किरकोळ लागतो: नोंद 200 बाइटची धरली तर 12 तासांत दीडशे केबीसुद्धा होत नाही.

---

नऊशे_एकोणीस_टीएमसी_नाही

उजनीचा एक खास त्रास कोणी लिहिला नाही. बांधलेली होडी जागेवरून हलली की फोन वाजावा म्हणून ॲपच्या नकाशात काठावरच्या त्या जागेभोवती वर्तुळ आखतात. 30 मीटरचं आखलं तर वाऱ्यानं दोरीला फिरणारी होडीच रात्रभर फोन वाजवत राहते, आणि चौथ्या दिवशी माणूस सूचना बंद करून टाकतो. चोरी नेमकी त्यानंतर होते. 100 मीटर ठेवा. आणि पाणी उतरलं की काठ सरकतो. धरण 117 टीएमसीचं, त्यातला 63 च्या वर मृतसाठा. उन्हाळ्यात उणे पातळी सुरू झाली की सपाट काठावर होड्या बांधायची जागा पार लांब जाते. सप्टेंबरात आखलेलं वर्तुळ मार्चमध्ये कोरड्या रानात पडलेलं असतं. पाण्याबरोबर वर्तुळ हलवायचं काम संस्थेतल्या एकाच्या नावावर लावा.

आणखी एक. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. तुमच्याच भागातली गोष्ट, सांगायला नको. अशा वेळी उलट्या होडीखाली गेलेला ट्रॅकर नवीन काही पाठवत नाही, पाण्याखाली ना जीपीएस ना मोबाईल. शेवटची नोंद तेवढी हातात राहते. म्हणून एक मिनिटाचा आग्रह बरोबर आहे. आणि म्हणून ट्रॅकरचे पैसे लाइफ जॅकेटच्या खात्यातून काढू नका.

---

भीमाकाठ_करमाळा

जॅकेटं आहेत, पण उकडतं म्हणून फळीखाली पडून असतात. आता तिथंच डबा बसवायचा म्हटल्यावर जॅकेटं बाहेर निघतीलच.

शेवटचं: 14 होड्यांची माहिती एकाच फोनवर बघायची की प्रत्येकाला वेगळी द्यायची?

---

खाडीपलीकडे

दोन फोनवर. एक संस्थेच्या चिटणीसाकडं, एक रात्री काठावर जागा असणाऱ्याकडं. प्रत्येकाला दिली तर कोणाची जाळी कुठं पडतात ते सगळ्यांना कळेल, आणि महिन्याच्या आत डबे आपोआप "बिघडू" लागतील. होड्यांना ॲपमध्ये नावं देऊ नका, होडीवर रंगवलेला नंबरच द्या. रात्री फोनवर "सात नंबर" म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं.