पहिले सण हवेतच
कोणीतरी लिहिलंय की लग्नातच एवढा खर्च होतो मग नव्या सुनेचे लग्नानंतरचे पहिले सण कशाला. अहो लग्नात सून धड बघायला तरी मिळते का, फोटोग्राफरच मधे उभा! तिची खरी ओळख होते ती संक्रांतीला नाहीतर श्रावणात मंगळागौरीला. आमच्याकडे संक्रांतीचा साखरेचा हलवा घरीच, परातीत खसखस घेऊन मंद आचेवर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत बसायचं, ढगाळ हवा असली की मेला काटाच येत नाही. आता सुनेचे हलव्याचे दागिने ऑनलाइन मागवतात, मागवू देत, माझे गुडघे पण ऐकत नाहीत. पण २०२३ सारखा अधिक श्रावण आला की मंगळागौर त्यानंतरच्या निज म्हणजे खऱ्या श्रावणातच करा बरं का, आणि अधिकात जावयाला ३३ अनारसे द्यायचे ते मात्र पॅकेटातले नकोत.