मदत हवी आहे : न्यूकॅसलच्या पोरांचा सिनेमा, सबटायटल्स मागे पडतायत

खिडकीपाशी: 'प्युअरली बेल्टर' (२०००) बघतोय. सबटायटल्स जुळत नाहीत आणि त्यांच्याशिवाय एक अक्षर कळत नाही. आज रात्रीच बघायचाय. लवकर सांगा.

कडक_चहा: व्हीएलसी प्लेअरमध्ये G दाबा, सबटायटल्स अलीकडे येतात. H ने पलीकडे जातात.

सव्वाशेर: सगळीकडे सारखीच मागे आहेत की मागे पडत जातात? आणि किती?

खिडकीपाशी: सुरुवातीला ठीक. चाळिसाव्या मिनिटाला दीड मिनिटाच्या वर.

सव्वाशेर: मग G चा उपयोग नाही. तुमची फाइल पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवरची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. सबटायटल्स २३.९७६ ची. चित्र ४ टक्के पुढे पळतं. २४०० सेकंदांत ९८ सेकंदांचा फरक, तुमचा हिशेब बरोबर बसतो.

कडक_चहा: G दाबत राहिलं तरी जमतंच की.

सव्वाशेर: एका दाबाला ५० मिलिसेकंद. १९६० वेळा दाबा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा.
सबटायटल एडिट हे सॉफ्टवेअर उघडा, सिंक्रोनायझेशनमध्ये 'चेंज फ्रेम रेट', आधीचा २३.९७६, नवा २५. उलटं टाकलंत तर फरक दुप्पट होईल. यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा.

गोलपोस्ट: सीझन तिकीट म्हणजे न्यूकॅसलच्या फुटबॉल क्लबचे घरच्या मैदानावरचे लीगचे १९ सामने. त्यासाठीच सिनेमातल्या दोघा पोरांची पैशांची धडपड.

खिडकीपाशी: ते कोणी विचारलं? टीव्हीवर पेनड्राइव्हने लावलाय, G कुठून आणू?

सव्वाशेर: हे आधी सांगायचं! फाइल कॉम्प्युटरवरच दुरुस्त करा. सिनेमा आणि एसआरटीचं (सबटायटल्सच्या फाइलचं) नाव हुबेहूब एकच ठेवा, नाहीतर बरेच टीव्ही ती उचलत नाहीत.

वांगी_भात: सबटायटल्स आली तरी न्यूकॅसलची जॉर्डी बोली अडवणारच. गॅन म्हणजे जाणं, हायेम म्हणजे घर, बेर्न म्हणजे पोर, वॉर म्हणजे आमचं (लढाई नव्हे). कॅनी म्हणजे छान. बाकीच्या इंग्लंडात त्याचा अर्थ धूर्त.

गोलपोस्ट: 'हॉवे' (म्हणजे चला!) राहिलं. न्यूकॅसलवाले हॉवे, संडरलँडवाले हावे. जेमतेम वीस किलोमीटरवर, पण यावरून भांडतात. म्हणून तर शाळेत गेल्याचं बक्षीस म्हणून प्रतिस्पर्धी संडरलँडची तिकिटं मिळतात तेव्हा...

कडक_चहा: अहो, त्यांनी अजून बघितला नाहीये!

खिडकीपाशी: २५ टाकलं, जुळलं. पण आता 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' सोडून सगळी मराठी अक्षरं दिसतायत, तिथे चौकोन येतात.

सव्वाशेर: मराठी सबटायटल्स?! हे कधी सांगणार होतात? तो टीव्हीच्या फाँटचा दोष. लॅपटॉप एचडीएमआयने जोडा.