कमोड तुंबलाय, घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई आहेत. काय करू?

मृद्गंध: काल रात्रीपासून कमोड तुंबलाय. फ्लश केला की पाणी काठापर्यंत चढतं आणि उतरायला तासभर घेतं. डोंबिवलीत जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, घरात हा एकच संडास. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. शेजारी संडास भारतीय पद्धतीचा, तिथे त्यांना बसता येत नाही. पुन्हा जावं लागेल म्हणून सकाळपासून त्या पाणीच पीत नाहीयेत, मला ते बघवत नाही. नेहमीचे प्लंबर गावाला गेलेत. समोरच्या काकू म्हणतात, ॲसिडची बाटली ओत. ओतू का?

रानजाई: ॲसिड नको गं. भांडी घासायचं लिक्विड अर्धी वाटी ओत, वर बादलीभर कोमट पाणी. उकळतं नको, चिनीमाती तडकते. आणि आजींना आधी पाणी पाज. मेडिकलमध्ये बेडपॅन मिळतं, आजचा दिवस तेवढ्यावर काढा.

जुना_पाना: ताई, २२ वर्षं प्लंबिंगचं काम करतोय. ॲसिडने पिवळे डाग जातात, अडकलेला फडका किंवा पॅड जात नाही. ॲसिड आत तसंच साचून राहतं आणि नंतर रबरी पंप मारला की अंगावर उडतं. आधी कधी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर क्लोरीन वायू होतो. बंद संडासात तो छातीत बसतो. आमच्यातला एक पोरगा यापायी दवाखान्यात होता, म्हणून कळकळीने सांगतोय. टाकीजवळचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा छोटा नळ, बंद करा, म्हणजे चुकून कोणी फ्लश केला तरी टाकी पुन्हा भरणार नाही. मग बघा, बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येतंय का? खालच्या मजल्यावरही विचारा.

मृद्गंध: बरं झालं विचारलं, बाटली आणूनच ठेवली होती. बाथरूमचं पाणी नीट जातंय. खालच्यांकडेही काही त्रास नाही.

जुना_पाना: मग चेंबर (इमारतीखालचा सांडपाण्याचा हौद) आणि खालची लाइन मोकळी आहे. अडकलंय ते कमोडच्याच वाकात, जिथे वास अडवायला पाणी थांबतं तिथे. हार्डवेअरच्या दुकानातून रबरी पंप आणा, पण बेसिनचा सपाट नको, खाली ओठ बाहेर आलेला मागा. रबर पूर्ण बुडेल एवढं पाणी हवं. जास्त असेल तर मगाने काढा. जमिनीवर जुनी चादर अंथरा, हातमोजे घाला. पहिला दाब अगदी हळू, आतली हवा निघून जाऊ दे. मग रबर न उचलता पंधरा-वीस वेळा खाली-वर करा. लोक दाबण्यावर जोर देतात, खरं काम ओढण्याने होतं. वस्तू वर आली पाहिजे, पुढे सरकली तर पाइपात जाऊन बसेल. तार किंवा हँगर घालू नका, आतली चकाकी खरवडली की पुढे तिथेच घाण धरते. तीनदा करून नाही झालं तर थांबा, पाइपात लांब स्प्रिंग फिरवून तुंबलेलं काढणाऱ्याला बोलवा.

कोकणवाट: ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे त्यांच्यासाठी. घरातल्या सगळ्याच मोऱ्यांचं पाणी हळू जात असेल तर टँक भरलाय का बघा. दर दोन-तीन वर्षांनी तो उपसायला हवा, आणि तोही सक्शन गाडीनेच. कोणी "मी उतरतो" म्हणालं तरी उतरू देऊ नका. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे.

मृद्गंध: झालं! दुसऱ्या फेरीत ओढताना खळ्ळकन आवाज आला, पाणी एकदम खाली गेलं आणि हिरवी प्लॅस्टिकची जाळी वर आली. काठाला सुगंधी वडी अडकवतात ना, तिची. वडी विरघळून संपली होती, आकडा तुटून जाळी आत पडली असणार. वर ओल्या वाइप्सचा लगदा. त्या सासूबाईंसाठी आणल्या होत्या, पाकिटावर फ्लश करता येतात असं लिहिलंय म्हणून मीच टाकत होते. आता झाकणाची बादली ठेवलीय. जुना_पाना दादा, खूप आभार. रानजाई, आत्ताच त्यांनी दोन पेले पाणी घेतलं आणि चहा मागितलाय.

जुना_पाना: छान. आता बादलीने पाणी ओतून एकदा खात्री करा, मगच अँगल कॉक उघडा. आणि ती ॲसिडची बाटली न फोडता दुकानात परत द्या.