पुढचा मॅक मिनी: किंमत उतरणे कठीण

नव्या चिपसोबत मॅक मिनी या ॲपलच्या छोट्या डेस्कटॉप संगणकाची किंमत पुन्हा ४९९ डॉलरवर येईल, असा एक अंदाज मांडला जातो; तो मला फार आशावादी वाटतो. २००५ साली हे यंत्र त्याच किमतीला आले आणि २०१४ मध्ये ती किंमत परत दिसली, हे खरे. परंतु २०१४ च्या त्या स्वस्त आवृत्तीत केवळ ४ जीबी मेमरी होती आणि तीही मदरबोर्डवर डकवलेली, म्हणजे नंतर वाढवता न येणारी, त्यामुळे त्या स्वस्ताईची भरपाई ग्राहकाने वेगळ्या मार्गाने केलीच. पुढे २०१८ मध्ये किंमत ७९९ डॉलरवर गेली, ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपसोबत ६९९ वर आणि एम२ सोबत ५९९ वर उतरली. २०२४ च्या एम४ आवृत्तीत ५९९ डॉलर कायम ठेवून मूळ मेमरी ८ वरून १६ जीबी करण्यात आली, म्हणजे कंपनीने दर न उतरवता माल वाढवला, आणि पुढेही तेच धोरण राहील असे मला वाटते. साधारण पाच इंच लांबी-रुंदीचे नवे कवच २०२४ मध्येच आल्यामुळे बाह्यरूपही बदलेलसे दिसत नाही.

बदल व्हायला हवा तो साठवणुकीत. एम४ च्या मूळ आवृत्तीतील २५६ जीबी जागा अपुरी पडते आणि ती वाढवण्यासाठी २०२४ मध्ये कंपनी जादा २०० डॉलर घेत होती. त्यापेक्षा थंडरबोल्ट या वेगवान पोर्टला बाह्य एसएसडी (साठवणुकीचे वेगळे उपकरण) जोडणे बहुतेकांना परवडते.